सगळ्यांत मागची मोटारसायकल

तंजावुरच्या पोलीस ठाण्यात हाताळलेले बहुतेक गुन्हे आता विसरलो आहे. तिरुवैयारूच्या रस्त्यावरची ती घटना मात्र आजही आठवते.

आमच्या हद्दीत मोटारसायकलवाल्या मुलांचा एक क्लब होता. काळी जाकिटं, पाठीवर कवटी, वाढलेल्या दाढ्या, कानठळ्या बसवणारा आवाज. हे गांजा आणतात, बायकांच्या साखळ्या ओढतात, असं लोक छातीठोक सांगत. आमच्या दप्तरी आवाजाच्या दंडापलीकडे त्यांच्यावर काहीच नव्हतं. पण कवटी त्यांनीच हौसेनं रंगवून घेतलेली, त्यामुळे नाव बद्दू व्हायला वेळ लागला नाही.

एका रविवारी सकाळी फोन आला. क्लबवाल्यांनी मोपेडवरच्या म्हाताऱ्याला उडवलं, बाकीचे पळाले, एकाला लोकांनी झाडाला बांधलंय. बोलणारा त्या म्हाताऱ्याचाच मुलगा होता. रस्त्यालगत त्याचं चहाचं दुकान, वडील तिथंच दूध घेऊन निघाले होते. त्यांना ऑटोतून नेता नेता तो बोलत होता. इस्पितळ येण्याआधीच ते गेले.

बांधलेल्या तरुणाला आम्ही सोडवून ठाण्यात आणलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. ओठ फाटला होता, पण तक्रार नव्हती. साथीदार का पळाले, असं विचारलं. तो म्हणाला, आमचा नियमच आहे. वाटेत कोणी पडलेलं दिसलं की सगळ्यांत मागच्यानं त्याच्यापाशी थांबायचं, बाकीच्यांनी गर्दी न करता पुढं जाऊन ॲम्ब्युलन्स आणायची. हे खरं निघालं. ॲम्ब्युलन्स आली होती, पण जखमी तिथं नव्हता.

मग मी विचारलं, म्हाताऱ्याचा गळा का धरला होतास? हे बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. त्यावर तो गप्प झाला. माझे हवालदार खूश झाले, कारण एवढ्यावर माणूस गप्प झाला की पुढचं काम सोपं असतं.

मला मात्र त्याची नजर खटकली. ती सारखी दाराकडे जात होती. दाराबाहेरच्या बाकावर म्हाताऱ्याचा मुलगा बसला होता, नेसलेल्या वेष्टीवर दूध सांडलेलं. आतला शब्द न् शब्द त्याला ऐकू जात होता.

तरुणाचं आडनाव आमच्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरांतलं होतं. मी तमिळ सोडलं आणि घरच्या मराठीत विचारलं. ठाण्यात ती दुसऱ्या कोणाला कळत नव्हती. तो एकदम माझ्याकडे वळला.

"काका, मी तेंची मान धरून बसलों होतों, हलूं नये म्हणून. उचलूं नका म्हणून कितीदा सांगितलों, त्या गोंधळांत कोणाला ऐकूं गेलें नाहीं. मला ओढून काढले, अन् तेंचा मुलगाच तेंना उचलून ऑटोंत घातला. हे तेला कळूं नये."

पुढचं आमच्या नेहमीच्या कामानं उलगडलं. मोपेडला निळा रंग घासलेला होता आणि क्लबात निळी गाडी एकही नव्हती. गॅरेजं पालथी घातली. पापनाशमला एक निळी मिनी लॉरी दिवा बदलायला आलेली सापडली. चालकानं कबुली दिली. मान धडकेत मोडली की उचलताना, हे डॉक्टरांना सांगता येईना.

म्हाताऱ्याचा मुलगा ठाण्यात आला, तरुणापुढे हात जोडून उभा राहिला आणि बांधून घातल्याची माफी मागितली. मग त्यानं विचारलं, "अप्पांची मान का धरली होतीस?"

तरुणानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना एकटं वाटू नये म्हणून."

मुलगा तोंडाला पंचा लावून रडला. बापाजवळ शेवटी कोणीतरी होतं, एवढं घेऊन तो घरी गेला.

पुढे त्या तरुणानं गाडी विकली. कवटीवाल्यांचं नाव गावात अजून तसंच वाईट आहे. माणसाची कीर्ती आणि माणूस यांची चौकशी वेगवेगळी करावी, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आणि आणखी एक. जन्मभर मी लोकांकडून खरं वदवून घेण्याचं काम केलं, पण त्याचं ते एक वाक्य मी तसंच राहू दिलं.