शैलाताईंचा रविवारचा आवाजाचा वर्ग

शैलाताई गेल्या आणि मला एका जागी बसवत नाहीये.

सकाळी फोन आला. दुपारी अमरधामला, अंत्यविधीला जाऊन आलो. तेव्हापासून उगाच गाडी काढतोय, गंगापूर रोडला चक्कर मारतोय, परत येतोय.
आता उभ्या उभ्याच लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ताई नाशिकमध्ये नाटकवाल्यांसाठी आवाजाची वर्कशॉप्स घ्यायच्या. एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. श्वास, उच्चार, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं.

मी मूळचा देवळ्याकडचा. नोकरी ओझरला. घरात अहिराणी.
स्पर्धेच्या नाटकात पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती, वकिलाची. आणि तालमीत माझं एकही वाक्य पुढच्या दोन-तीन रांगांपलीकडे जात नव्हतं.

दिग्दर्शक म्हणाला, "आधी भाषा शुद्ध कर. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

तसाच ताईंकडे गेलो. "ताई, माझी भाषा सुधारून द्या. लवकर."

"भाषेला काय झालंय?"

त्यांनी मला वकिलाचं वाक्य म्हणायला लावलं. म्हणता म्हणता माझ्या जबड्याला बोट लावलं. जबडा दगड झाला होता.

"कोणाला घाबरतोयस एवढा?"
मी वाक्य परत सुरू केलं. त्यांनी थांबवलं.

"वडील शेताच्या त्या टोकाला असले की हाक कशी मारायचास?"

हॉल भरलेला. लाज वाटली. तरी मारली.
"नाना, पानी उनं! ताडपत्री आन!"

कोणीतरी हसलं. ताईंनी नुसतं तिकडे पाहिलं. हसणं थांबलं.

मग म्हणाल्या, "परत मार. पोटावर हात ठेवून."
पोट हलत होतं. गळा मोकळा होता. मलाच आश्चर्य वाटलं.

"तुझा वकील याच आवाजात बोलेल. शुद्ध बोलायला गेलास की तू स्वतःचाच गळा आवळतोस."

त्यानंतर दर रविवारी तेच. हाक, मग वाक्य. हाक, मग वाक्य.
एकदा वैतागून म्हटलं, "ताई, स्पर्धा तोंडावर आलीय. अजून किती दिवस हाकाच मारू?"
"जबडा सुटेपर्यंत."

एक दिवस त्या न सांगता तालमीला आल्या. शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून दिग्दर्शकाला म्हणाल्या, "याला काढायचं तर आज ऐकून काढा."

मी वकिलाचं अख्खं भाषण केलं.
दिग्दर्शकाने संहितेचं पान उलटलं. मग म्हणाला, "चला, पुढचा सीन."

भूमिका माझ्याकडेच राहिली.
प्रयोगाला नाना गावाहून आले, पार मागे बसले. नंतर म्हणाले, "समदं ऐकू उनं." बाकी काही नाही. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग ताईंना फुप्फुसांचा आजार झाला.
आम्हाला श्वास शिकवणारी बाई दोन शब्द बोलून थांबायची. तरी ऑक्सिजनचं मशीन शेजारी ठेवून वर्ग चालूच. मला भयंकर राग यायचा. कोणाचा, ते अजून कळत नाही.

मागच्या आठवड्यात भेटलो तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या रविवारी... नवीन बॅच आहे."
"ताई, सोडा ना आता ते."
डोळे मोठे करून बघितलं.

आज अमरधामहून निघताना त्यांचे मिस्टर म्हणाले, "त्या नव्या बॅचचे फोन येताहेत. रद्द म्हणून कळवू ना?"

"नको. मी घेतो."

तोंडातून निघून गेलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग नुसता खांदा दाबला.

मी कधी कोणाला काही शिकवलेलं नाही. समोर अनोळखी माणसं उभी राहणार, त्यांना पहिलं काय सांगायचं तेही सुचत नाहीये.
पण रविवारी सकाळी हॉल उघडा असेल. मी तिथे असेन.

शैलाताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.
शांतपणे जा.