पाहुण्यांना जागा नसलेली शिळा

मंगळवारी सकाळी साडेदहाला सीमेजवळच्या एका शाळेवर तोफगोळा पडला. चार मुलं गेली. त्यांत माझी नात सई होती. जावई तिकडे बँकेत नोकरीला होता.

वडीगोद्रीत हायवेला माझं दगडावर अक्षरं कोरण्याचं दुकान आहे. सई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात गावच्या स्मारक समितीचे अध्यक्ष सुदामअप्पा आले.

"नाना, चौकात स्मारक करून राह्यलो. शिळा तुमच्याच हातची पाह्यजे."

"चौघांचीही नावं घ्यायची असतील तर करतो. सई, इम्तियाज, हरलीन, मोहित. एका वर्गातली होती."

"बिलकुल."

मजकूर आला. वर उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे, खाली मुलं. मी कोरलं. सईचं नाव कोरताना हात थांबला नाही. चाळीस वर्षांची सवय आहे.

आठवड्याने उद्घाटक बदलले. ग्रॅनाइटवरचं एकच नाव खोडता येत नाही, तेवढ्या जागी खळगा दिसतो. सगळी शिळा ग्राइंडरने घासून एका पातळीत आणावी लागते, मग पॉलिश. म्हणजे पाहुण्याचं नाव काढायचं तर मुलांचीही जातात. मी घासली. नव्या यादीत पाहुणे वाढले होते. मुलांची अक्षरं दोन इंचांवरून एका इंचावर आली.

मग तिसरी यादी आली.

अप्पा फोनवर म्हणाले, "मुलांची नावं राहू द्या आता. 'चार बालकांच्या स्मरणार्थ' एवढंच टाका, बराबर बसतंय. जल्दी करा."

मी शिळा पुन्हा घासली. यादी उघडलीच नाही. तीन इंची अक्षरांत चार नावं कोरली. शिळा भरली.

अप्पा आले, बघत राहिले. "आन् पाहुणे कुठं टाकायचे?"

"त्यांना काय झालंय?"

"नाना, असं बोलू नका. ते येतेत म्हणून कार्यक्रम होऊन राह्यलाय."

"मुलं गेली म्हणून होतोय."

"ते खरंय. पण पोरं काय वाचायला येणारेत? पाहुणे आल्या आल्या आपलं नाव बघतेत."

काम जालन्याला मशीनवाल्याकडे गेलं. अनावरण झालं. लाऊडस्पीकर दुकानापर्यंत ऐकू येत होता.

आता शिळेची ऑर्डर घेताना मी आधी विचारतो, पाहुणे नक्की झाले का.

चौकातल्या शिळेवर अकरा नावं आहेत. त्यांत मुलाचं एकही नाही. माझी शिळा दुकानात भिंतीला टेकून उभी आहे. दोनदा घासल्याने पातळ झाली आहे. तिच्यावर चार नावं आहेत.