तीन पट्ट्यांचा कॅप्टन

शेजारच्याला मी गेली अठरा वर्षं 'कॅप्टन' म्हणून चिडवतो. आहे तो सहवैमानिक, विमानातल्या उजव्या खुर्चीतला, खांद्यावर तीन पट्ट्यांचा. कॅप्टनची डावी खुर्ची आणि चौथी पट्टी ज्येष्ठता यादीतल्या नंबरानं मिळते, आणि यंदा त्याचा नंबर लागणारच होता. तेवढ्यात त्याची छोटी कंपनी मोठीनं गिळली.

काल तो दोन्ही कंपन्यांची मिळून केलेली नवी यादी घेऊन जिन्यात बसला होता.

"काय कॅप्टन, चौथी पट्टी कधी?"

"चौदाशे बारावा आहे. निवृत्तीला उरलीत सहा वर्षं."

"मग युनियन काय झोपलीय?"

"मोठ्या कंपनीच्या युनियननं माझाच जुना ठराव आमच्यापुढे केला. दहा वर्षांपूर्वी आम्ही एक कंपनी घेतली, तेव्हा मीच लिहिला होता. बाहेरून आलेल्यांनी यादीच्या तळाशी जायचं."

दारातून वहिनी म्हणाल्या, "ठरावाखाली स्वतःची सही मात्र ठळक केलीय हं."

आज सकाळी तो खांद्यावर त्याच तीन पट्ट्या लावून निघाला. मी नुसतंच "निघालास का?" म्हटलं. तो दोन पायऱ्या उतरून थांबला.

"कॅप्टन म्हण रे. दुसरं कोण म्हणणार आहे आता?"

"सांभाळून जा, कॅप्टन," मी म्हटलं.