गरवा गेम

आमचे हे या वयात कॉम्प्युटरवर गेम खेळतात, हे मी माहेरी महाळुंगे पडवळला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी वहिनी म्हणाली, "दारू पीत न्हाईत ना? मग खेळू दे की." तेव्हापासून मी गप्प बसले. म्हणजे अगदीच गप्प नाही. कांदा निवडायला बायका आलेल्या असताना घरधनी आत बसून राक्षस मारत असेल, तर कोणती बायको गप्प बसेल?

यांचं नाव कुंडलिक. खोडदला आमची कांद्याची शेती. चाळिशी कधीच ओलांडली, पण कॉलेजात लागलेलं खूळ काही सुटलं नाही. माणूस तसा सरळ, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका गोष्टीत मात्र भयंकर हट्टी. गेम कुठून घ्यायचा, यावरून ते कुणाशीही भांडतील.

त्याचं काय आहे, आमच्याकडे कांदा दोन तऱ्हेचा. हळवा आणि गरवा. हळवा काढला की लगेच विकून मोकळं व्हायचं, तो टिकत नाही. गरवा घट्ट सालीचा. तो बराखीत भरायचा. बराख म्हणजे कांदे साठवायची आमची हवेशीर चाळ. तिथे तो महिनोन्‌महिने राहतो. यांनी गेमलाही हीच नावं दिली. नेटवरच्या एखाद्या दुकानातून गेम घेतला की त्याची अख्खी फाईल हातात मिळते, ती आपल्या डिस्कवर ठेवली की पुन्हा कुणाला विचारायला जायचं नाही, तो गेम गरवा. आणि ज्याला दर थोड्या दिवसांनी नेटवरून दुकानाला विचारून यावं लागतं, की हा माणूस आपलं गिऱ्हाईक आहे ना, उघडू का, तो हळवा. त्या कुलपाला डीआरएम म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात हळवा आणि गरवाच चालायचं. डिस्कला तर हे सरळ बराखच म्हणत.

यांचा मित्र अरिहंत. त्याचं नारायणगावला कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याला हे सगळं थोतांड वाटायचं.

"कुंडलिकभाऊ, नेटवरच्या त्या मोठ्या दुकानात बघा ना राव. सगळे गेम तिथं. सेल लागतो, आवडला न्हाई तर परत घेत्यात, खेळ कुठवर आला त्ये पण आपोआप जपून ठेवत्यात. तुमच्या त्या बारक्या दुकानात काय हाय?"

"माल माज्या घरात येतो," हे म्हणायचे.

"तुमच्याकडं नवीन गेम येईस्तोवर लोक खेळून विसरत्यात!"

"विसरू दे. मला घाई न्हाई."

मी अरिहंतच्या बाजूने होते. स्वस्त मिळतंय तर घ्यावं, बराखी भरून कुणाचं भलं झालंय?

मग दिवाळी सरली आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. पायात हळूहळू बळ आलं, पण हात मांडीवर पडून असायचा आणि तोंडातून 'हं' पलीकडे काही निघायचं नाही. सावळेराम खोडदकर म्हणजे काय माणूस होता! उभी हयात वाशी मार्केटला कांद्याचा ट्रक नेला. माळशेजच्या घाटात त्यांच्या हॉर्नचा आवाज लोक ओळखायचे म्हणे. तो माणूस खिडकीपाशी बसून भिंतीकडे बघायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी रबरी चेंडू दाबायला दिला, तर तो अण्णांनी डाव्या हाताने अंगणात भिरकावला. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्या मनात आलं तरच हात हलेल."

अरिहंत बघायला आला होता. त्याला काय सुचलं देव जाणे, त्याने मोठ्या दुकानातून एक ट्रक चालवायचा गेम अण्णांना भेट म्हणून दिला. आमच्याच कॉम्प्युटरवर बसवून दिला. पडद्यावर डोंगरातला रस्ता आला, ट्रक घरघरला, आणि अण्णांची मान वळली. यांनी त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला आणि वरून आपल्या हाताने धरला. बापलेक तसेच पहिला घाट उतरले.

पुढे रोज. अण्णा सकाळी चहा झाला की खुर्चीकडे बोट करायचे. हात यांचाच हलायचा, पण त्याखाली अण्णांची बोटं आता जरा जरा दाबू लागली होती. छोट्या टेम्पोपासून सुरुवात झाली होती, ती दहा चाकी ट्रकपर्यंत गेली. मॅडम म्हणाल्या, चालू ठेवा. मी मनातल्या मनात त्या मोठ्या दुकानाला आशीर्वाद दिला.

आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने नेटची केबल तोडली.

आमच्या वस्तीवर मोबाईलची रेंज पाहुण्यासारखी, आली तर आली. शेजारी खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या डिश आकाशाकडे तोंड करून कुठले कुठले तारे ऐकतात, आणि आम्हाला शेजारच्या गावचा फोन लागत नाही. तरी आधी मी काळजी केली नाही. गेम तर डिस्कवर आहे, केवढी जागा खाऊन बसलाय. पहिले काही दिवस चाललाही. मग एका सकाळी ट्रकऐवजी नुसती इंग्रजी पाटी आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"नेट जोडा म्हणतंय. इचारल्याबिगर उघडणार न्हाई."

"अहो, पण माल तर आपल्या बराखीत आहे ना?"

"बराखीत हाय. पण माल हळवा हाय, मोहिनी."

तेव्हा मला ते खरं समजलं. बाहेरून ढीग भरलेला दिसतो आणि हात घातला की आत सगळं सडलेलं. इतकी वर्षं मी यांना हसले, पण यांनी मला 'बघ, सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हटलं नाही. तेवढ्यासाठी मी या माणसाचे शंभर गेम माफ केले.

केबलवाल्याकडे रोज चौकशी केली. उद्या बघू, परवा बघू. इकडे अण्णा खुर्चीकडे बोट करायचे, आम्ही मान हलवायचो. यांनी दुसरा गेम लावून दिला, त्यांनी तोंड फिरवलं. मग बोट करणंही थांबलं. बोटं पुन्हा मुठीत वळायला लागली. मी तेल चोळायला गेले तर अण्णांनी हात ओढूनही घेतला नाही, तो तसाच माझ्या मांडीवर पडून राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शेवटी हे उठले, डिस्क पिशवीत घातली आणि नारायणगावला गेले. अरिहंतच्या दुकानात बसून तोच ट्रकचा गेम यांनी आपल्या त्या बारक्या दुकानातून पुन्हा घेतला. अख्खी फाईल उतरायला दुपार गेली. अरिहंतला फार वाईट वाटलं होतं. तोच यांच्याबरोबर मोटरसायकलवर मागे बसून घरी आला.

येताच म्हणाला, "वहिनी, येक भ्या हाय. गेम चालंल. पण अण्णांचा ट्रक जुन्या गेममधी हाय. त्याची नोंद ह्या गेमनं घेतली न्हाई, तर पुन्हा छोट्या टेम्पोपासून."

ज्या माणसाने एवढं कमावून गमावलं, त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करायचं? अण्णा पुन्हा उठणार नाहीत, हे मला दिसत होतं.

यांनी जुन्या गेमचं एक फोल्डर शोधलं, उचललं, नव्यात ठेवलं. अरिहंत नखं खात होता. नेट नव्हतंच. पाटी आली नाही. डोंगर आला, रस्ता आला, आणि घाटाच्या तोंडाशी अण्णांचा दहा चाकी ट्रक जसाच्या तसा उभा.

"आला गं बाई!" मी ओरडलेच. अरिहंत मटकन कॉटवर बसला आणि हसत सुटला.

अण्णांना खुर्चीत आणलं. यांनी नेहमीसारखा त्यांचा हात माउसवर ठेवला, वरून धरला, आणि ट्रक हलला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला यांनी माउस फिरवला तो जरा जास्तच फिरवला, ट्रक कड्याकडे सरकला.

"हं! हं!" अण्णा चिडले. मग त्यांचा खांदा हलला. यांच्या हाताखालून त्यांनी आपला हात एकदम झटकून घेतला, यांचा हात बाजूला लोटला, आणि बोटं पुन्हा एकट्यानेच माउसवर ठेवली.

"सोड," अण्णा म्हणाले. "मला येतंय."