समोर नसलेल्या ताटाचं कौतुक

काटेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत ते दुरुस्तीचं काम करत, म्हणून बिल्डिंगने त्यांना हे नाव ठेवलं आणि त्यांनीही ते निमूट लावून घेतलं. महिन्यातले निम्मे दिवस ते फिरतीवर असत. हत्यारांची पेटी आणि पितळी वजनांचा डबा घेऊन गावोगावचे बाजार पालथे घालायचे, भाजीवाल्यांचे आणि मासळीवाल्यांचे काटे खोलून, पुसून, जुळवून द्यायचे, आणि दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की जेवायला जागा शोधायची. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस मिळणं कठीण. बिल्डिंगमधलं कुणीही परगावी निघालं की आधी काकांच्या दारात हजर. उतरायचं कुठे हे काकांना सांगता येत नसे, पण जेवायचं कुठे हे ते असं सांगत, की बॅग भरायच्या आधीच समोरच्याला भूक लागे. स्टँडच्या मागे चपलांचं दुकान आहे, त्याच्या बाजूने अरुंद जिना वर जातो, डोकं सांभाळ आणि तळलेला मासा सोडू नकोस.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. लॉजच्या मॅनेजरला त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही, कारण प्रत्येक मॅनेजरचा एक मेहुणा असतो आणि त्या मेहुण्याची खानावळ असते. पाट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. काका बघायचे पिशव्या. सकाळी मंडईत काटा खोलून बसले की त्यांचं अर्धं लक्ष गिऱ्हाइकांवर. खानावळवाल्यांची माणसं यायची आणि समोर दिसेल ते पोत्यात ओतून चालू लागायची. पण एखादं माणूस असं निघायचं, की जे टोमॅटो हातात घेऊन दाबून बघतंय, लसूण नाकाला लावतंय, एका वांग्यापायी भाजीवालीशी हुज्जत घालतंय. अशी पिशवी दिसली की काका पान्हा खाली ठेवत, काट्याचं पोट तसंच उघडं टाकत आणि पिशवीच्या मागे निघत. पिशवी कुठल्या दारात शिरते ते बघून परत येत. तोवर भाजीवाली त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळी झालेली असे.

या पद्धतीत एक धोका होता, आणि तो एकदा भोवलाच. एका गावात एक बाई त्यांनी हेरली. तिने मसुराची डाळ ओंजळीत घेऊन उजेडात धरली, दोन खडे काढून दुकानदाराच्या तळहातावर ठेवले आणि मगच पिशवी पुढे केली. काकांच्या मनात घंटा वाजली. ते पिशवीमागे गेले. पिशवी एका उघड्या दारातून आत गेली. आत भिंतीला लागून बाकं, बाकांवर दोघंतिघं बसलेले, आणि मागच्या खोलीतून फोडणीचा वास. दुपारी काका तिथे जाऊन बसले, मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि आतल्या बाईंना म्हणाले, एक ताट, तिखट बेताचं.

ती खानावळ नव्हती. ते घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि बाकांवर बसलेली माणसं आपापली घड्याळं तयार व्हायची वाट बघत होती. मागच्या खोलीत घड्याळजींचा संसार होता. बाईंना वाटलं, हा नवऱ्याचा कुणी मित्र असणार. घड्याळजींना वाटलं, हा बायकोच्या माहेरचा. दोघंही इतके भिडस्त, की विचारणार कोण? काकांनी डाळ दोनदा मागून घेतली, पाव मागून घेतला, वांगं जरा अजून भाजायला हवं होतं असंही सांगितलं. शेवटी हात पुसत त्यांनी पैसे किती झाले म्हणून विचारलं, तेव्हा नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

खरा प्रकार कळल्यावर काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण डाळ विसरता येण्यासारखी नव्हती. पुढच्या फिरतीला ते लाजत लाजत पुन्हा गेले, मंडईतल्या दोन हमालांना घेऊन. त्या हमालांनी आणखी चौघांना आणलं. बघता बघता घड्याळांची बाकं कमी पडायला लागली आणि घड्याळजींना दुकान खिडकीजवळच्या एका टेबलावर आवरून घ्यावं लागलं. भिंतीवरची घड्याळं मात्र तशीच राहिली. प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ, त्यामुळे कधीही गेलं तरी कुठल्या ना कुठल्या घड्याळात जेवायची वेळ झालेलीच असे. घड्याळजींच्या बायकोला काका वहिनी म्हणायला लागले, आणि वहिनी त्यांना भाऊजी.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा काकांच्या जिभेत होता.

घरी काकू ताट वाढत. काकू म्हणजे काकांची बायको, बोलायला फटकळ, हाताला चव अशी की जिन्यातून जाणाऱ्याचा पाय अडखळावा. काका पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, वहिनींच्या डाळीला लसूण असा करपायच्या एक क्षण आधी उतरवलेला असतो. दुसऱ्या घासाला वहिनींचं वांगं. तिसऱ्या घासापर्यंत काकूंनी आमटीचं भांडं जरा आवाज करूनच खाली ठेवलेलं असे. समोरच्या डाळीबद्दल काही बोला म्हटलं, की काका म्हणायचे, "चालेल." अख्ख्या संसारात काकूंना मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक. त्यांना दागिना नको होता की सहल नको होती. त्यांच्या हातचं खाताना या माणसाने एकदा, फक्त एकदा, छान झालंय म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते मागून घ्यायचं नव्हतं, कारण मागून घेतलेलं छान हे चालेलपेक्षाही वाईट.

आता गंमत अशी, की तिकडे वहिनींच्या खानावळीत बसून काका नेमकं हेच उलटं करायचे. वहिनींनी डाळ वाढली की म्हणायचे, आमच्या हिची डाळ बघा, लसूण असा करपायच्या एक क्षण आधी उतरवलेला असतो. यात लबाडी नव्हती. हा माणूस खोटं बोलणारा नव्हे, त्याला ते जमतच नसे. पण ताटात जे असेल ते त्यांच्या पोटात जायचं आणि जे नसेल ते तोंडातून बाहेर यायचं. दोन्ही पारडी जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या दोन बायकांपैकी एका वेळी एकीलाच पारड्यात बसवता यायचं, ते सुद्धा ती समोर नसताना.

मग काका रिटायर व्हायची वेळ आली. नव्या माणसाला गावं दाखवायला एक शेवटची फेरी करायची होती. काकूंनी चहा गाळता गाळता जाहीर केलं की यावेळी त्याही येणार.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बस फार हादरते, लॉजमध्ये ढेकूण आहेत, पाणी बाधतं, सगळं सांगून झालं. शेवटी खानावळ बहुधा बंद झाली असेल असं म्हणाले, तर काकू म्हणाल्या, बंद झाली असेल तर बंद दार बघून येऊ. त्या डाळीने त्यांची उभी हयात पोखरली होती. ती एकदा चाखून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. आणि काकांना एवढंच दिसत होतं, की ज्या दोन बायकांना आपण एवढी वर्षं एकमेकींच्या नावाने छळलं, त्या आता समोरासमोर उभ्या राहणार आणि दोन्हीकडे आपण खोटे ठरणार. घरचंही ताट गेलं आणि दारचंही. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले ते गाव येईपर्यंत.

नव्या माणसाला मंडईत सोडून दोघं खानावळीशी आले, तर वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊजींच्या बरोबर कोण आहे हे त्यांनी न विचारताच ओळखलं. पदराला हात पुसत त्यांनी काकूंना आपादमस्तक न्याहाळलं.

"या. म्हणजे तुम्हीच त्या."

काकू म्हणाल्या, "मी त्या? त्या तर तुम्ही."

काका घाईघाईने घड्याळजींच्या टेबलाशी गेले आणि आपलं चालू असलेलं घड्याळ काढून दुरुस्तीला देऊ लागले. घड्याळजींनी त्याला मुकाट्याने किल्ली दिली आणि परत केलं.

मग वहिनींनी तोंड उघडलं. किती वर्षं ऐकतेय म्हणाल्या. तुमची डाळ, तुमचं वांगं, तुमच्याकडचा बटाट्याचा रस्सा. तुमच्या पायी मी मसाला बदलला, चूल बदलली, तवा बदलला. गिऱ्हाईक बोटं चाटत जायचं आणि हे भाऊजी तेवढे मान हलवत बसायचे, आमच्या हिच्या हाताची सर नाही म्हणून. एकदा तर चिडून भाऊजींना सांगितलं होतं, पुढच्या वेळी ताट घरूनच बांधून आणा.

काकू बाकावर बसल्या. त्यांना आधी वाटलं की ही बाई थट्टा करतेय. मग वहिनींचा वैतागलेला चेहरा बघितला आणि लक्षात आलं, की असला वैताग कुणाला खोटा आणता येत नाही. तो त्या स्वतः ओळखत होत्या, रोजचा होता.

"आणखी काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

वहिनी सांगत गेल्या. एकदा भाऊजींना लॉजवर ताप भरला होता, तेव्हा मऊ भात करून पाठवला. तो त्यांनी सगळा खाल्ला, आणि भांडं न्यायला घड्याळजी गेले तर त्यांना म्हणाले, घरी ती असा भात करते की आजारी पडावंसं वाटतं. मीठ कधी घालते ते मला अजून कळलेलं नाही.

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंद झाला होता यात शंका नाही. पण त्याच्या जोडीला असा राग आला होता, की समोर लाटणं नव्हतं हे काकांचं नशीब. एवढ्या वर्षांची त्यांची मजुरी कुणीतरी परगावच्या पत्त्यावर पाठवत होतं.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "हे मला का नाही सांगितलंत?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं, भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांकडे बघितलं. कुठेच वेळ मिळेना.

"अगं, तुला कसं सांगणार?" ते शेवटी म्हणाले. "तू समोर असतेस तेव्हा मी जेवत असतो. आठवण तू नसताना येते."

मग वहिनी म्हणाल्या, आत या ताई, याचा सोक्षमोक्ष लावू. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि पाऊण तासाने एक ताट घेऊन बाहेर आल्या. डाळ वहिनींची, फोडणी काकूंची. वांगं भाजलं एकीने, कालवलं दुसरीने. ताट काकांसमोर ठेवून दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आता आठवण काढायला दूरचं ताट शिल्लक नव्हतं. बाकांवरच्या गिऱ्हाइकांनीही खाणं थांबवलं.

काकांनी घास घेतला. डोळे मिटले. तोंड उघडलं, मिटलं. दुसरा घास घेतला. कपाळावर घाम आला. दोन्हीकडून वाट बघणाऱ्या त्या चार डोळ्यांसमोर त्यांनी खरोखर मनापासून शब्द शोधला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"चालेल," ते म्हणाले.

वहिनी आधी हसल्या की काकू, ते घड्याळजींनाही सांगता आलं नाही. दोघी हसत हसत आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. काकांनी ताट पुसून स्वच्छ केलं, अजून डाळ आहे का म्हणून दोनदा आत हाका मारल्या, पण आत कुणाला ऐकू येत नव्हतं.

पुढे काका रिटायर होऊन घरी बसले. काटे नाहीत, बाजार नाही, पिशव्या नाहीत. रोज काकूंच्या हातचं जेवत, रोज वहिनींच्या डाळीच्या आठवणी काढत. काकू आता भांडं आपटत नसत. शांतपणे ऐकून घेत आणि दुपारी फोन लावून सगळं वहिनींना जसंच्या तसं सांगत. वहिनी खूष होत. पण हा सौदा एकतर्फी होता, आणि काकू काही संत नव्हत्या.

दोन महिने त्यांनी कळ काढली. मग एका सकाळी काका पेपर वाचत असताना त्यांनी बॅग आणून समोर ठेवली. आत एक सदरा, टॉवेल आणि बसचं तिकीट. काकांना काही कळेना. कुणाचा काटा बिघडलाय का, त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, तुमची जीभ घरी बसून गंजत चाललीय, जरा फिरून या, वहिनींकडे जेवा आणि उद्या परत या. काका लहान मुलासारखे खूष झाले. एवढ्या समजूतदार बायका फार थोड्या असतात, असं ते बसस्टॉपवर भेटलेल्या शेजाऱ्याला म्हणाले. काकूंना मात्र बोलले नाहीत, त्या दारात समोर उभ्या होत्या ना.

तेव्हापासून दर महिन्याला काका एकदा वहिनींकडे जेवायला जातात. त्या दिवशी काकू सकाळीच सगळी कामं आवरतात, स्वतःपुरतं थोडंसं काहीतरी शिजवतात आणि दुपारी फोनच्या शेजारी बसतात. फोन वाजतो. पलीकडे वहिनी असतात, त्यांच्या मागे भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ ठोकत असतात.

"जेवले का?" काकू विचारतात.

"जेवले. हात धुतायत."

"थांबा, मी नीट बसते," काकू म्हणतात. "हं. आता पहिल्या घासापासून सांगा."