आत चढायला दार नसलेलं विमान

माझ्या बाबांचं सांगलीत प्लायवूडचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथेच जायचे आणि एकोणीस एमएमच्या प्लायच्या थप्पीवर बसून होमवर्क करायचे. गिऱ्हाईकाला शीट दाखवताना बाबा बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी टकटक करत. आतल्या थरात फट राहिली असेल तर तिथे पोकळ आवाज येतो. तसा आवाज आला की ते खडूने गोल काढत आणि गिऱ्हाईकाने विचारायच्या आधीच सांगत, "इथे गॅप आहे. दुसरी बघू." मला तेव्हा वाटायचं, आपणच का सांगायचं? त्याला कळलंही नसतं.

आता मी जर्मनीत रेगेन्सबर्गला राहते आणि मोटारींच्या कारखान्यात दारांच्या डिझाइनचं काम करते. कामात माझं बरं चाललं आहे. बोलण्यात नाही. मीटिंगमध्ये माझं जर्मन वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मराठी मंडळाच्या गणपतीतसुद्धा मी ताटं वाढायचं काम मागून घेते, कारण हातात पळी असली की कोणी फार विचारत नाही.

म्हणून मला तो फेराइन इतका आवडला. फेराइन म्हणजे मंडळ. इथे प्रत्येक गोष्टीचं असतं, तसं हे लहान विमानं जोडणाऱ्यांचं. अग्निशमन दलाच्या इमारतीमागे एक खोली, दर शनिवारी दुपारी दहा-बारा माणसं, बहुतेक सगळी निवृत्त. तीन ते पाच प्रत्येकजण आपापला डबा उघडून पॉलिश पेपरने काहीतरी घासत बसतो. पाच वाजता केक. त्या दोन तासांत कोणी बोललं तर बाकीचे त्याच्याकडे जरा नाराजीने बघतात. गावात इतकी सोयीची जागा मला दुसरी सापडली नव्हती.

अट एकच होती. पहिलं वर्ष चाचणीचं. वर्षाच्या शेवटी एक विमान पूर्ण करून टेबलावर ठेवायचं, त्याच्याबद्दल सगळ्यांपुढे दहा मिनिटं बोलायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग सभासद ठरवणार. नाही म्हणाले तर शनिवार संपला.

मी दिवाळीच्या सुमारास जुन्या बाजारातून एक डबा आणला. युद्धातलं इंग्रजांचं दोन इंजिनांचं मॉस्किटो. आमच्या टेबलावर तोवर एकही इंग्रज विमान नव्हतं. डबा बघून माझ्या शेजारी बसणारे आजोबा म्हणाले, "आल्झो," म्हणजे अस्सं. "हे." आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, ऐंशी ओलांडलेली, हात अजून स्थिर. थोडा वेळ घासून झाल्यावर पुढचं वाक्य आलं. "याचा आवाज आला की माझी आई तळघरात पळायची. मी तिच्या पोटात होतो. ती मरेपर्यंत या विमानाला शिव्या देत होती."

"दुसरं घेऊ का?" मी विचारलं.

"छे. लाकडाचं आहे ते. मला बघायचंय."

लाकडाचं आहे हे मी रविवारी फोनवर सांगितलं आणि बाबांनी कॅमेऱ्यात डोकं घातलं. "प्लायचं विमान?"

"बाहेरून बर्चचा प्लाय, मध्ये बाल्साचा हलका थर, आतून परत प्लाय. फर्निचर करणारे लोक बनवायचे. धड उभं चिरल्यासारखं दोन अर्धुकांत करायचे, आतली वायरिंग वगैरे बसवायचे आणि मग चिकटवायचे. माझ्या डब्यातही तसेच दोन भाग आहेत."

"गोंद कोणता वापरायचे?"

"आधी दुधापासून केलेला. आपल्याकडच्या दमट हवेत तो सुटायला लागला, मग बदलला."

"सुटणारच," बाबा समाधानाने म्हणाले. विचारलं असतं तर ऐंशी वर्षांपूर्वीच्या इंग्रजांनाही आपण सल्ला दिला असता असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

डब्यात भाग मात्र फार होते. तीन वेगवेगळी नाकं, पोटाखालच्या चार तोफा, पंखाखालची रॉकेट्स, इंधनाच्या जादा टाक्या, कॅमेऱ्याच्या खिडक्या, बॉम्बच्या खणाची फुगीर दारं. आई मागून डोकावून म्हणाली, "एवढं सगळं एकात बसतं होय?" बाबा म्हणाले, "दिलंय म्हणजे बसत असणार. वाया नको घालवूस."

आमच्या घरात काही वाया घालवत नाहीत. बाबा प्लायच्या अडीच इंची पट्ट्यासुद्धा जपून ठेवतात. सूचनांच्या कागदावर बारीक अक्षरात काही पर्याय लिहिले होते, ते मी मराठी लग्नातल्या जेवणासारखे वाचले, म्हणजे सगळेच वाढून घेतले. काचेचं नाक सगळ्यात सुंदर होतं, ते लावलं. तोफा लावल्या. फुगीर दारं तोफांमुळे बसेनात, तर ती अर्धी कापून मागे बसवली आणि त्या कापण्याचा मला अभिमान वाटला. रॉकेट्स लावली. टाक्या लावल्या. कॅमेऱ्याच्या खिडक्या लावल्या. दोन नाकं उरली. विमानाला एकच नाक असतं हे मलाही कळत होतं, म्हणून ती काड्यापेटीत घालून ठेवली. कोणाला विचारावं असं एकदाही वाटलं नाही. विचारायचं म्हणजे तीन ते पाचच्या मधे बोलायचं.

भाषणाला तीन दिवस राहिले तेव्हा मी तयारीसाठी सूचनांचा कागद नीट वाचायला बसले. डब्यात एका विमानाचे नव्हे, एकाच विमानाच्या अनेक प्रकारांचे भाग होते. आपल्याला हवा तो प्रकार निवडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. मी कोणताच सोडला नव्हता. मी बनवलेलं विमान कधी अस्तित्वातच नव्हतं.

फोन लावला. "बाबा, सुटेल का हे?"

"पक्कं चिकटवलंयस?"

"हो."

"मग सुटायचं नाही. सुटलं तर तू माझी मुलगी नव्हेस."

मी म्हटलं, काचेच्या नाकाला राखाडी रंग देते, म्हणजे ते भरीव वाटेल. टाक्यांच्या आड बाकीचं झाकलं जाईल. बारा जणांत कोणाच्या लक्षात येईल?

मागे दुकानात कोणीतरी शीट ओढत होतं. मग बाबा म्हणाले, "खडू मिळतो का गं तिकडे?"

शनिवारी मी विमान टेबलावर ठेवलं तेव्हा त्याच्यावर सात पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. अध्यक्षबाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्या चष्मा वर करून जवळ आल्या. मी म्हणाले, "या विमानात चुका आहेत. प्रत्येक चुकीवर चिठ्ठी आहे. मी त्याच क्रमाने बोलणार आहे."

मनात जुळवून ठेवलेलं तेवढंच एक वाक्य होतं. पण पुढचं चिठ्ठ्यांनी सोपं केलं, कारण बोट ठेवायला जागा होती. हे काचेचं नाक बॉम्बर प्रकाराचं. त्यात दोघेजण शेजारी शेजारी बसत, आणि नेम धरायला एकजण सरपटत पुढे काचेत जाऊन पोटावर पडे. त्याच्याकडे एकही बंदूक नसायची. पळता येतं हेच त्याचं शस्त्र. या तोफा लढाऊ प्रकाराच्या, त्याचं नाक भरीव असतं आणि त्यातही चार मशीनगन असतात. रॉकेट्सही त्याच्याचकडे. या खिडक्या फोटो काढणाऱ्या प्रकाराच्या, तो नुसता उंच जायचा, कॅमेरा चालवायचा आणि घरी यायचा. ही फुगलेली दारं एकच मोठा बॉम्ब नेण्यासाठी. मी ती अर्धी कापली आहेत, म्हणजे माझ्या विमानात अर्धा बॉम्ब मावतो.

कोणीतरी खुसखुसलं. मला आधी वाटलं माझ्या जर्मनला हसले.

मी काड्यापेटी उघडून उरलेली दोन नाकं दाखवली. एक मशीनगनवालं, एक रात्री रडारने शोध घेणाऱ्या प्रकाराचं. आणि सांगितलं की काही विमानांत स्वीडनहून बॉल बेअरिंग आणत, कधी कधी बॉम्बच्या खणात माणसालाही आडवं झोपवून आणत.

सुतारआजोबांनी भिंग काढलं. विमान उलटं केलं. बराच वेळ बघितलं. "दार कुठे आहे?"

"बॉम्बरचं दार खाली, पोटाला. लढाऊ प्रकारात तिथे तोफा येतात, म्हणून दार उजव्या बाजूला."

"तुमच्या विमानाचं?"

मी बघितलं. धड मी बॉम्बरसारखं, उजवीकडे दार न ठेवता जोडलं होतं, आणि खालच्या दारावर तोफा चिकटवल्या होत्या. ही आठवी चूक होती आणि तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"दार नाही," मी म्हणाले.

"मग ते दोघे आत कसे चढतात?"

"नाही चढत."

"आणि तुम्ही कारखान्यात काय काम करता?"

"दारं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बाकीचे उघड हसत होते. आजोबांनी विमान हलकेच सरळ ठेवलं. "म्हणजे हे जागचं हलूच शकत नाही. माझ्या आईला चाललं असतं हे एक."

मग अध्यक्षबाईंनी तो प्रश्न विचारला. "पण सगळे भाग का लावले तुम्ही?"

मी खरं तेच सांगितलं. "आमच्याकडे डब्यात आलेलं वाया घालवत नाहीत."

आजोबा उठले, माझ्या खुर्चीमागच्या कपाटावरचा लाकडी खण त्यांनी खाली काढला. वर्षभर तो माझ्या डोक्यामागे होता. मला वाटायचं कोणाचातरी खाजगी आहे. आत शेकडो उरलेली चाकं, पंखे, शेपट्या, नाकं. "ग्राबेलकिस्टे," म्हणजे हात घालून शोधायची पेटी, ते म्हणाले. "चाळीस वर्षांत आम्हीही काही वाया घालवलेलं नाही. कोणाचं काही हरवलं की यातून घ्यायचं. इथे सगळ्यांना माहीत असतं. विचारायचं होतंत."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बोटांची पेरं टेबलावर ठोकली. मग आजोबांनी. मग सगळ्यांनी. इथे पसंती अशी सांगतात, हे मला कारखान्यातून माहीत होतं. पण तिथे ते नेहमी दुसऱ्या कोणासाठी चाललेलं असतं.

मी दोन्ही नाकं त्या खणात टाकली. चिठ्ठ्या काढायला हात पुढे केला तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "राहू दे. आठवी पण लाव." त्या मला पहिल्यांदाच तू म्हणत होत्या.

केक खाऊन बाहेर आल्यावर थंडीत उभं राहून घरी फोन केला. बाबांना सगळं क्रमाने सांगितलं, दारासकट. दारावर ते इतके हसले की फोन आईकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

"टेबल ठोकलं म्हणतेस. आवाज कसा होता?"

"भरीव," मी म्हणाले. "कुठेच गॅप नव्हती."