रुईचं देवक

भिसेगावच्या मालोजीला कुणी कूळ विचारलं, की तो कोंडाण्याच्या चांगोचं घराणं छातीठोक सांगायचा. खरं म्हणजे त्याचा बाप धाऊ बोरघाटातल्या रेल्वेच्या कामावरल्या मजुरांचं पोर. आईबाप पटकीनं गेले तेव्हा सहा वर्षांचा. चांगोच्या घरी गुरं राखत वाढला.

मालोजी पुढं भातगिरणीवर मुकादम झाला. लग्न ठरलं तसं त्यानं चांगोचं देवकही उचललं: कळंबाची डहाळी. बापाच्या जागी चांगोचा लेक बसला आणि धाऊनं पंगतीत पाणी वाढलं. आठ वर्षांनी म्हातारा मेला.

आता पोरीच्या सुपारीला खालापूरचे येसाजी ओटीवर बसले होते.

"देवक कंचं तुमचं?"

"कळंब."

येसाजींनी उचललेली सुपारी खाली ठेवली. "आमचंबी कळंबच की! म्हंजी आपुन भाऊबंद. पोरगी आमच्या पोराची भन लागली. चला रं, बैल जुंपा."

दाराआड पोरीच्या, बायजाच्या, बांगड्या वाजल्या, थांबल्या.

"बसा पाव्हनं," मालोजी कसाबसा म्हणाला. "कळंब माजं नाय."

"मंग काय, लग्नापुरतं मागून आनलंवतं?" येसाजी हसले.

"हां."

हसू विरलं. मालोजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. येसाजी पुढं सरकले.

"तुमच्या लग्नात मी जेवलोय. त्यो पानी वाढनारा म्हातारा..."

"माजा बा."

"आन् त्याचं देवक?"

"ठावं नाय. त्याला तरी कुठनं ठावं असनार? एवढंसं पोर व्हतं."

"रुई," दाराआडून मालोजीची बायको इंदूबाई म्हणाली. "मामंजींच्या ध्यानात व्हतं. त्यांच्या आयनं घरच्या लग्नाच्या मांडवात रुईच्या डहाळीला हात जोडाय लावलंवतं. मला सांगितलं त्यांनी. तुमी कदी इचारलंच नाय."

येसाजींनी सुपारी उचलली. बायकांची लगबग सुरू झाली, गूळ वाटला गेला. मालोजीच्या तोंडात तो विरघळेना.

परसात रुई माजते म्हणून दर साल तो ती खणून फेकायचा, आणि म्हातारा ती उचलून गुपचूप बांधावर लावायचा. एकदा तर सगळ्यांदेखत मालोजीनं विचारलं होतं, "म्हाताऱ्या, याड लागलंय का रं तुला?"

लग्नाच्या आदल्या दिवशी डहाळी आणायला तो बांधावर गेला. रुई त्याच्या कमरेपेक्षा उंच झाली होती. हात जोडायचे होते. मान आधी खाली गेली.